दोरीच्या अलीकडे

१

कचेरीत त्यांना सगळेच ताई म्हणत. संपादकही म्हणत, आणि संपादक त्यांच्यापेक्षा चांगले तीन वर्षांनी मोठे होते. पहिल्या वर्षी ताईंनी दोनदा टोकून पाहिलं, मग नाद सोडला. आता निवृत्तीला चार महिने उरले होते आणि आपल्याला दुसरं एखादं नाव आहे, हे त्यांना सही करतानाच काय ते आठवायचं.

तळमजल्याच्या अगदी टोकाची फोटोखोली हे ताईंचं राज्य. उत्तरेला एक उंच खिडकी, दोन भिंतींना लोखंडी कपाटं, एक भिंत कोरी, मधे लांबलचक टेबल आणि कोपऱ्यात हवेतला दमटपणा शोषून घेणारं एक यंत्र. ते दिवसभर कुरकुरत असे. जुन्या निगेटिव्ह केव्हाच चांदी काढायला वितळवल्या गेल्या होत्या, त्यामुळे कपाटातले कागदावरचे फोटो तेवढे मागे राहिले होते. सकाळी नऊला यायचं, यंत्रातलं पाणी ओतून टाकायचं, सुती हातमोजे चढवायचे आणि फोटोंवरची धूळ, बुरशी, कोणाकोणाच्या बोटांचे ठसे एकेक करून काढायचे. एकतीस वर्षं हेच चाललं होतं. चहा मात्र दाराबाहेर प्यायचा. या बाबतीत त्या संपादकांचंही ऐकत नसत.

मंगळवारी संपादक स्वतः पुठ्ठ्याचं खोकं घेऊन खाली आले. संपादक स्वतः काही उचलून आणतात म्हणजे काम गळ्यात पडणार, हे ताईंनी ओळखलं.

“ताई, गोल्फ क्लबवाल्यांना त्यांच्या जुन्या स्पर्धेचं प्रदर्शन भरवायचंय. त्रेपन्न सालची स्पर्धा. आपलेच चौदा फोटो आहेत. शुक्रवारी दुपारी त्यांचे सचिव न्यायला येतील.”

“आज मंगळवार आहे.”

“म्हणून तर तुमच्याकडे आलो. दुसऱ्या कोणाकडे जायचं तर मागच्या मंगळवारीच जायला हवं होतं.”

हरभऱ्याच्या झाडावर कसं चढवायचं ते संपादकांकडून शिकावं. ताई हसल्या आणि त्यांनी खोकं ओढून घेतलं.

दुपारपर्यंत आठ फोटो साफ झाले. कप हातात घेतलेले विजेते, टोपीआडून हसणारे पाहुणे, काठ्यांच्या पिशव्या खांद्याला लावून उभे असलेले मदतनीस. नववा फोटो शेवटच्या हिरवळीजवळचा होता. डावीकडे खेळाडू, काठी अजून खांद्यावर फिरलेली. मधे झेंडा, त्याचं एक टोक वाऱ्याने दुमडलेलं. एका टकल्या गृहस्थांची टोपी नुकतीच उडालेली, ती हवेत, आणि त्यांचा हात उशिरा डोक्याकडे निघालेला. पलीकडे दोरी बांधलेली आणि दोरीच्या मागे दीडदोनशे माणसं. चेंडू बहुधा डोक्यांवरून मागे गेला असावा, कारण झाडून सगळी गर्दी पाठमोरी होऊन आभाळात बघत होती.

पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी एक बाई होती. अंबाडा, अंगात मोठ्या चौकटींचा कोट, पाठीवर कापडी पट्टा. पट्ट्याला दोन बटणं, डावं बेताचं आणि उजवं नको इतकं मोठं. ताईंचा हात थबकला. तो कोट त्यांच्या घरी कपाटात होता. थंडीत त्या तो अजून घालत. उजवं बटण बाबांनी शिवलेलं होतं, मिळेल ते. अशी दोन बटणं एकाच कोटाला जगात दोनदा लागणार नाहीत.

ताईंनी आईचा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्या नऊ आठवड्यांच्या असताना आई तापाने गेली. बाबा याच वर्तमानपत्रात रिटचर होते, म्हणजे छापायला जायच्या आधी फोटोंवर ब्रशने हात फिरवायचं काम त्यांचं. घरात फोटोवाल्यांचा सारखा राबता. आणि बायकोचा फोटो काढायचा मात्र ‘उद्या काढू, उद्या काढू’ म्हणता म्हणता राहून गेला होता. आता सत्तावन्न वर्षांनी आई सापडली होती, तीही पाठमोरी. एक कान आणि मानेवर सुटलेले चार केस, एवढीच.

ताई किती वेळ त्या कानाकडे बघत बसल्या कोण जाणे. मग जरा स्वतःवरच चिडून कामाला लागल्या. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, आभाळात, एक पांढरा ठिपका होता. बुरशी. बाबांकडून उचललेली सवय, कापसाचा बोळा जिभेवर ओला केला, एक हलका फेर दिला, ठिपका गेला. बोळ्यावर पांढरा रंग बघितला तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

“अगं बाई,” त्या रिकाम्या खोलीत म्हणाल्या, “बॉल पुसला की मी!”

पुसला तर पुसला, उद्या लावू परत. त्यांनी फोटोवर टीपकागद ठेवला, दोन टोकांना छापखान्यातले शिशाचे ठोकळे ठेवले आणि घरी गेल्या.

२

बुधवारी टीपकागद उचलला आणि ताईंना आधी वाटलं, आपण चुकीचा फोटो काढला.

झेंडा तोच, टोपी तशीच हवेत. पण गर्दी पाठमोरी नव्हती. कोणी डावीकडे बघत होतं, कोणी उजवीकडे, कोणी पायाशी. एकाने शेजाऱ्याचा खांदा धरून त्याच्या पाठीमागे डोकावलं होतं. एक धिप्पाड बाई दोरी वर धरून तिच्याखालून वाकली होती. चौकटीचा कोट आता बाजूने दिसत होता. आईने मान वळवली होती आणि गालाची कड दिसत होती.

माणूस पन्नाशी उलटल्यावर आधी स्वतःच्या डोक्यावर संशय घेतो. काल संध्याकाळी उजेड कमी होता. चष्म्याचा नंबर बदलायला झालाय. एकाच क्षणाचे दोन फोटो असतील आणि आपण अदलाबदल केली असेल. हे शेवटचं ताईंना पटलं, म्हणून त्यांनी खोक्यातले फोटो मोजले. हा धरून चौदाच होते.

शेवटी त्या वर गेल्या आणि जुन्या अंकांच्या फायली सांभाळणाऱ्या बाइंडरकडून त्रेपन्न सालचा जाडजूड खंड मागून घेतला. बाइंडर मोठा वल्ली. त्याने खंड टेबलावर आपटला तशी धूळ उडाली.

“पान तिसरं. तुमच्या बाबांचं काम दिसतंय,” तो म्हणाला. “बॉल बघा कसा ठळक. आजकाल असा बॉल कोण काढतं?”

तोच फोटो होता. तीच टोपी, झेंड्याचं तेच दुमडलेलं टोक. फक्त चेंडू आभाळात नव्हता, झेंड्याच्या पायाशी होता आणि सगळी गर्दी इकडे तोंड करून त्या चेंडूकडे बघत होती. पहिल्या रांगेत, डावीकडून तिसरी, आईसुद्धा. ताईंनी घाईघाईने भिंग धरलं. छापील फोटो ठिपक्यांचा असतो. भिंग धरलं की चेहऱ्याचे ठिपके होत आणि भिंग काढलं की बोटाएवढा डाग उरे. नाक कुठे संपतं आणि सावली कुठे सुरू होते, काही म्हणता काही कळेना.

“हा आणि खालचा एकच फोटो आहे, पण माणसं वेगळीकडे बघताहेत. असं होईल का रे?” ताईंनी विचारलं.

“दोन काढले असतील लागोपाठ.”

“आणि टोपी तशीच हवेत राहील?”

बाइंडरने डोकं खाजवलं. “ताई, तुम्ही चहा घ्या,” तो म्हणाला.

३

बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार, इतकंच कळायचं. हात मात्र अजून असा स्थिर की सुईत दोरा ओवायला शेजारणी त्यांच्याकडे येत आणि ते चाचपून ओवून देत. संध्याकाळी ताई घरी पोचल्या तेव्हा ते खिडकीशी बसून चहा ढवळत होते.

“बाबा, त्रेपन्नची गोल्फ स्पर्धा आठवते?”

चमचा थांबला. “नववा फोटो?”

ताईंनी आकडा सांगितला नव्हता. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. “त्यावरचा पांढरा ठिपका मी पुसला. बुरशी वाटली.”

“कधी?”

“काल.”

“काल!” बाबा उठायला गेले आणि कपाला धक्का लागून चहा बशीत सांडला. “माझी पोर असून बॉल ओळखू आला नाही तुला?”

“इतक्या उंच, कोपऱ्यात कोण बॉल काढतं?”

“मी काढतो,” बाबा म्हणाले आणि पुन्हा बसले. बराच वेळ ते बशी कपाखाली नीट बसवत राहिले. मग म्हणाले, “गोल्फच्या फोटोत बॉल कधी दिसतच नाही. एवढासा, आणि सुसाट जाणारा. तेव्हाचे संपादक म्हणायचे, बॉलशिवाय गोल्फ कसला, लोकांना वाटेल ही माणसं गवत बघायला जमलीत. मग मी टाकायचो. तीन केसांचा ब्रश आणि पांढरं एक टिंब. गर्दी जिकडे बघतेय तिकडे टाकायचा, काम झालं. नवव्यात मात्र गर्दीचं काही एक ठरेना, दहा दिशांना दहा माना. मी आपला अंदाजाने झेंड्याशी टाकला. सकाळी छपाईच्या आधी बघतो, तर सगळे झेंड्याशीच बघताहेत. म्हटलं, वा, अंदाज बरोबर निघाला आपला!”

ताईंना हसू आलं नाही.

“पुढे तुझी आई गेली. मी तो फोटो कपाटातून काढून बसलो. झेंड्याशी बघताना तिची मान खाली होती. म्हटलं, माझ्याकडे तोंड करेल का? बॉल पुसला आणि पार अलीकडच्या कडेला टाकला, माझ्या समोर.”

“मग?”

“केलं तोंड. सगळ्यांनीच केलं. पण बघत होती बॉलकडे.” बाबांचा आवाज खाली गेला. “घरी मी काम करत असलो ना, की ती समोर बसून सारखी माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, अगं, नजर लागेल मला. आणि इथे बॉलकडे, माझ्याकडे ढुंकून नाही. मला नाही सोसलं ते. बॉल उचलला आणि लांब मागे, आभाळात टाकून दिला. पाठ फिरवली तिची. पाठ असली की माणूस कपाट बंद करून घरी जाऊ शकतो.”

“म्हणजे आईचा चेहरा तिथे होता आणि तुम्ही मला इतकी वर्षं दाखवला नाहीत.” ताईंना राग आणि रडू एकदमच आलं. “मी त्याच खोलीत बसते, बाबा! चार पावलांवर होती ती!”

“दाखवली असती तर काय बघितलं असतंस? बॉल बघणारी बाई.”

“बघितली असती मी तीच!”

अंधारून आलं होतं, ताईंनी उठून दिवा लावला. तेव्हा बाबा हलक्या आवाजात म्हणाले, “उद्याच्या उद्या बॉल परत टाक. होता तिथेच, आभाळात. बॉल नसला की ते शोधायला लागतात. मी एकदा दोन दिवस तसाच ठेवला होता. तिसऱ्या दिवशी दोरी त्यांच्या मागे होती.”

४

गुरुवारी फोटोखोलीचं दार उघडलं तेव्हा यंत्र बंद होतं. बटण चालू, दिवा लागलेला, पण कुरकुर नाही. ताई उंबरठ्यावरच थांबल्या. खोली शांत होती म्हणावं तर तसंही नव्हतं. शेकडो माणसं एकाच वेळी बोलायची थांबतात आणि श्वास धरून उभी राहतात, तेव्हा कानाला जे जाणवतं, तसं काहीतरी त्या खोलीत होतं. नुकत्याच कापलेल्या गवताचा वास येत होता. खिडकी बंद होती आणि खिडकीबाहेर वाहनतळ होता.

त्यांनी टीपकागद उचलला.

दोरी मागे होती. गर्दी ती ओलांडून हिरवळीवर आली होती, कोणी रांगत, कोणी गुडघे टेकून. खेळाडू आणि त्याची काठी त्यांच्या आड गेली होती. पुढची माणसं इतकी जवळ आली होती की फोटोच्या कडेने त्यांचे पाय कापले गेले होते. कोटाची शिवण दिसत होती, एकाच्या कॉलरवरचा डाग दिसत होता. चेहऱ्यांवर राग नव्हता, भीती नव्हती. घरातलं लहान मूल बाजारात हरवल्यावर मोठ्यांच्या तोंडावर जे येतं, ते होतं. ताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याच वेळी त्यांना वाटलं, एका पांढऱ्या टिंबासाठी ही माणसं अठ्ठावन्न वर्षं इथे थांबलीत, कोणीही घरी गेलेलं नाही.

आई अगदी पुढे होती. गवतात वाकून बघत होती, आणि अंबाडा सुटून केस तोंडावर आले होते. आता तिने मान वर केली की झालं.

ताईंनी बाबांचा ब्रश काढला. पांढरा रंग बशीत घोळला. आभाळात टिंब टाकायचं आणि मोकळं व्हायचं, एवढं साधं काम. ब्रश फोटोच्या वर आला आणि तिथेच राहिला. आभाळात टाकला की आई पुन्हा पाठ फिरवणार. खालच्या कडेला टाकला तर खाली बघणार, बाबांना दिसली तशी. झेंड्याशी टाकला तर ठिपक्यांमधली बाई. फोटोत जिथे म्हणून चेंडू टाकावा तिथे आई चेंडूकडेच बघणार होती.

मग चेंडू फोटोच्या बाहेर टाकला तर?

हा विचार डोक्यात आला आणि ताई स्वतःच दचकल्या. बाबांनी तळमळून सांगितलेलं कानात घुमत होतं. पण उद्या दुपारी सचिव येणार, फोटो जाणार, आणि चार महिन्यांनी खोलीची किल्लीही जाणार. एकदाच. एकदा बघायचं, की सगळं होतं तसं करून टाकू. संध्याकाळी पाच वाजता त्यांनी फोटो टेबलावर चौकटीत उभा केला. मग वळून, आपल्या खुर्चीच्या मागच्या कोऱ्या भिंतीवर, बसल्यावर आपलं तोंड जिथे येतं त्या उंचीला, एक पांढरं टिंब दिलं. पिवळट चुन्यावर ते नीट उठून दिसलं. फोटोवर फडकं टाकून त्या निघाल्या आणि दाराशी आल्यावर त्यांना मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

५

शुक्रवारी सकाळी ताई आरशासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या. ‘कोणाला भेटायला चाललेय मी?’ असं मनात म्हणून त्यांनी केस पुन्हा विंचरले.

खोलीत कालचीच शांतता होती, फक्त आणखी दाट. त्या खुर्चीत बसल्या. भिंत पाठीशी, फोटो समोर. फडकं ओढलं.

दीडदोनशे चेहरे. सगळे वर उचललेले, सगळे इकडे. बायका, म्हातारे, हातातली काठी विसरलेला खेळाडू, एका बापाच्या खांद्यावरचं पोर. कोणाचा हात छातीवर, कोणाचे ओठ विलग. त्यांनी जे शोधलं होतं ते त्यांना सापडलं होतं, आणि तो आनंद इतका मोठा होता की ताईंचे डोळे आपोआप खाली गेले. इतक्या माणसांना एकाच वेळी एवढं सुखी झालेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या नजरा ताईंच्या कानाजवळून मागे, भिंतीवर जात होत्या. मधे बसलेल्या ताई त्यांच्या खिजगणतीतही नव्हत्या.

मग ताईंनी मान वर केली आणि आईला पाहिलं.

बावीस वर्षांची पोरगी. ताईंपेक्षा पस्तीस वर्षांनी लहान. रुंद कपाळ, डाव्या भुवईत एक खाच, तीच खाच जी ताई रोज आरशात बघत आल्या होत्या आणि पडल्याची खूण समजत होत्या. ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊ घातलेलं. एक हात कोटाच्या आत, पोटावर. त्या पोटात कोण होतं हे ताईंना ठाऊक होतं.

ती भिंतीकडे बघत नव्हती.

ताईंनी श्वास रोखून खुर्ची हातभर डावीकडे सरकवली. दोनशे नजरा जिथे होत्या तिथे राहिल्या. आईचे डोळे खुर्चीबरोबर आले. ताईंनी ते हलताना पाहिले नाहीत, पण आले. बाबा चुकले होते. सगळी दुनिया चेंडूकडे बघत होती आणि आई आपल्या लेकीकडे बघत होती.

त्याच वेळी पाठीमागे, भिंतीशी, टक् असा आवाज झाला. कोरडा, नेमका. फोटोतल्या चेहऱ्यांवरचा आनंद अजून वाढला. काहीतरी खाली पडून घरंगळत खुर्चीच्या पायापर्यंत आलं आणि थांबलं. ताई वळल्या नाहीत. वळलं तर आई नजरेआड होईल. आईने पोटावरचा हात काढून ओठांवर बोट ठेवलं होतं. ते केव्हा ठेवलं, तेही त्यांना दिसलं नाही. ताई लहान मुलासारख्या निमूट बसून राहिल्या.

तीन वाजता वरून फोन आला. क्लबचे सचिव फाटकाशी आले होते. ताईंनी ब्रश ओला केला, डोळे पुसले आणि उजव्या कोपऱ्यात, आभाळात, होता तिथेच चेंडू टाकला. हात थरथरला नाही, बाबांचाच हात तो.

“येते हं, आई,” त्या म्हणाल्या. घरातून निघताना माणसं म्हणतात तसं.

फोटो गेल्यावर त्यांनी भिंतीकडे पाहिलं. टिंब नव्हतं. त्या जागी चेंडू बसेल एवढा गोल, गुळगुळीत खळगा होता. खुर्चीच्या पायाशी काही नव्हतं. तिथे गवताचं एक ओलं पातं तेवढं चिकटलं होतं.

६

“मला न्यायचं प्रदर्शनाला,” बाबा शनिवारी सकाळी म्हणाले. ताईंनी आदल्या संध्याकाळी त्यांना सगळं सांगितलं होतं. भिंतीवरच्या टिंबाचं ऐकून ते चिडतील असं वाटलं होतं, पण ते चिडले नाहीत. ‘तुझ्याकडे बघत होती?’ एवढंच त्यांनी तीनदा विचारलं.

“तुम्हाला दिसणार काय तिथे?”

“तू आहेस ना सांगायला.” त्यांनी इस्त्रीचा सदरा आधीच घातला होता.

क्लबच्या दालनात मोठ्या खिडक्या होत्या आणि पायाखाली गालिचा. लोक हळू आवाजात बोलत एकेका फोटोपुढून सरकत होते. ताईंनी बाबांचा दंड धरून त्यांना नवव्यापर्यंत आणलं. तिथे सचिव दोन पाहुण्यांना काही समजावत होते.

“अहो, या, बरं झालं आलात,” सचिव म्हणाले. “आम्ही केव्हाचे बघतोय. एवढी गर्दी आभाळात बघतेय आणि ही एकच बाई कॅमेऱ्याकडे! काल बांधून आणला तेव्हा लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. छान चेहरा आहे हो. कोण असेल?”

ताईंनी पाहिलं. चेंडू आभाळात होता. टोपी हवेत, झेंडा तसाच दुमडलेला, खेळाडू जागेवर. गर्दी निमूट आपल्या जागी परतली होती आणि एकूण एक माणूस पाठमोरा होता. चौकटीचा कोट तेवढा समोरून दिसत होता.

सचिव पाहुण्यांना घेऊन पुढच्या फोटोकडे गेले. बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

“पाठमोरी नाही ना?”

“नाही, बाबा.”

“तुझ्याकडे बघतेय?”

हो म्हणायला ताईंनी तोंड उघडलं, आणि त्यांना कळलं की नाही. त्या एक पाऊल उजवीकडे सरकल्या. आईचे डोळे आले नाहीत. ते ताईंच्या खांद्यापलीकडे, जरासे खाली, वाकलेल्या पाठीच्या एका म्हाताऱ्यावर होते. कालचं ओठांच्या कोपऱ्यातलं हसू आता पुरतं उमललं होतं.

“तुमच्याकडे,” ताई म्हणाल्या. “बाबा, ती तुमच्याकडे बघतेय.”

बाबांचा चेहरा हलला.

“आणि दोरी?” मग त्यांनी विचारलं. “दोरीच्या मागे आहे ना ती?”

ताईंनी पुन्हा पाहिलं. त्यांना खोटं बोलायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बाबांशी मनापासून खोटं बोलावंसं वाटलं.

“सगळे मागे आहेत,” त्या म्हणाल्या.

“मी तिचं विचारतोय.”

“ती अलीकडे आहे.”

बाबांनी मान हलवली. ताईंनी त्यांचा हात घट्ट, दुखेल इतका घट्ट धरला. बाबांनी तो थोपटला, मग हलकेच सोडवून घेतला. खिशातून कंगवा काढून त्यांनी उरलेले चार केस नीट बसवले आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

“बरा दिसतोय ना गं?” त्यांनी फोटोकडे तोंड करून विचारलं.